चार तोबरे, चढाचे

दोन्या बासिलिया लेदेस्मा (दोन्या म्हणजे आमच्याकडचं आदराचं 'बाई') दर दुसऱ्या गुरुवारी संग्रहालयात यायच्या. त्या दारातूनच बोलायला सुरुवात करत, त्यामुळे आधी शिपायाला कळायचं, मग मला, आणि सगळ्यात शेवटी आतल्या खोलीत कवट्या मोजत बसलेल्या डॉक्टरांना. पांढरी उंच टोपी, दोन वेण्या, घेरदार परकर आणि पाठीवर विणलेल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात कापूस भरलेली कातडी, बुचाच्या बाटल्यांत कवट्या आणि तळाशी उकडलेल्या मक्याचे दाणे व ताजं चीज. दाणे आणि चीज माझ्यासाठी असायचं. मेलेली जनावरं आणि खाऊ एकाच गाठोड्यात बांधू नयेत असं मला पहिलं वर्षभर वाटत होतं, पुढे वाटेनासं झालं.

मी एल्वा सुरिता. त्या संग्रहालयात कार्डं लिहायला लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. माझं अक्षर मोत्यासारखं, ही माझी एकमेव लायकी. पण लायकी होती, उगाच कशाला लाजू? तेरा कपाटांतल्या प्रत्येक जनावराच्या पायाला बांधलेली चिठ्ठी माझ्या हातची आहे. कोण, कुठे, कधी, कुणी पकडलं. हे चार शब्द नसले तर कातडं म्हणजे नुसतं कातडं, त्यापेक्षा घरातलं पायपुसणं बरं.

तेरापैकी एक अख्खं कपाट अचोकायांचं होतं. अचोकाया म्हणजे मुठीत मावेल एवढं जनावर. लोक त्याला उंदीर समजतात आणि झाडू घेऊन मागे लागतात. पण ते कांगारूच्या लांबच्या नात्यातलं. त्याला पिशवी मात्र नाही, पिल्लं आईच्या पोटाला उघड्यावरच लोंबकळतात. डोळ्यांभोवती काजळ ओघळल्यासारखं काळं, कान कागदासारखे पातळ. आमच्या कोचाबाम्बाच्या कोरड्या दऱ्यांत त्याची एक जात आहे, खिंडीपलीकडच्या ओल्या जंगलात दुसऱ्या आहेत, आणि एके काळी आमच्याकडे ती सगळी एकाच नावाखाली एकाच खणात कोंबलेली होती.

तो खण सुटा केला दोन्या बासिलियांनी. त्यांचं शिक्षण म्हणाल तर तिसरी. वडील खेचरं हाकायचे, तिकिपाम्पा गावातून मका नि मीठ घेऊन खिंड ओलांडायची आणि जंगलातून कोकाची पानं नि फळं घेऊन परत यायचं. भाऊ खाणींकडे गेले ते गेलेच, म्हणून सतराव्या वर्षी खेचरं त्यांच्या हाती आली. एका वर्षी जनावरं गोळा करणारा एक परदेशी गडी त्यांची खेचरं भाड्याने घेऊन निघाला आणि पोट बिघडून त्यांच्याच घरी तीन आठवडे पडून राहिला. त्याने पकडलेली जनावरं तशीच पडलेली. "वास मारायला लागली होती," दोन्या बासिलिया सांगायच्या. "मग घेतली त्याची सुरी नि सोलली. त्याने अंथरुणातून सांगितलं, मी केलं. चौथं कातडं त्याच्यापेक्षा चांगलं झालं, तेव्हा तो उठून बसला." तो गेला, सुरी राहिली. बाई पत्र्याचे सापळे स्वतः बनवायला लागल्या, भुईमुगाचा कूट आणि पिकलेलं केळं लावून.

डॉक्टर रेने आन्तेसाना आमच्याकडे आले ते ब्राझीलमध्ये शिकून. माणूस सज्जन, पण हट्टी. अचोकायांच्या जाती किती आणि कुठली कुठे राहते, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. सहा महिने त्यांनी भिंगाखाली दात पाहिले, कवट्या मोजल्या आणि कातड्यांचे तीन ढीग केले. गुरुवारी दोन्या बासिलिया आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि हसल्या.

"हेच करायला सहा महिने? मला विचारायचं की! ही शेपटीत जेवण साठवणारी, दरीतली. ही झाडावरची. ही बांबूतली. पण ही इथे काय करतेय?" झाडावरच्या ढिगातून त्यांनी एक बारीक शेपटीचं कातडं उचललं.

"तिची शेपटी बारीक आहे, दोन्या बासिलिया. दरीतलीची जाड असते."

"ही ऑगस्टातली आहे, ऐन कोरड्या महिन्यातली, डॉक्टरसितो. ऑगस्टात दरीत तुम्हाला सोडलं तर तुमचीही बारीक होईल. ही उपाशी आहे, परकी नाही." त्यांनी कातडं तोंडाजवळ धरून पोटावर फुंकर मारली. केस दुभंगले. "बघा, मुळाशी राखाडी. झाडावरचीच्या छातीला मुळापर्यंत दुधाचा रंग. फुंकायला काय जातं?"

डॉक्टरांनी कवटी पुन्हा भिंगाखाली धरली. मग त्यांनी ते कातडं उचललं आणि दरीच्या ढिगात ठेवलं. त्या दिवसापासून ते दोन्या बासिलियांना खुर्ची देऊ लागले.

त्यांच्या चिठ्ठ्या मात्र माझ्याकडे यायच्या. जाड पेन्सिलीने, मोडक्या अक्षरात, वहीच्या फाडलेल्या कागदावर. 'तिकिपाम्पाच्या हौदापासून खिंडीच्या वाटेनं चार तोबरे, काटेरी झुडपाखाली.' आमच्याकडे वाटेचं अंतर असंच सांगतात. कोकाच्या पानांचा तोबरा गालात धरून निघायचं, रस संपला की तो टाकायचा, म्हणजे एक तोबरा वाट झाली. पण कार्डावर तोबरे शोभत नाहीत. जुन्या संचालकांनी माझ्या टेबलावर एक कागद चिकटवला होता, 'एक तोबरा म्हणजे तीन किलोमीटर.' मी गुणाकार करायची, शाईने सुंदर अक्षरात 'बारा किलोमीटर' लिहायची आणि मूळ चिठ्ठी टोपलीत टाकायची. बावीस वर्षं केलं. एकशे त्रेसष्ट जनावरं.

मग डॉक्टर नकाशावर ठिपके मांडायला बसले. जाड शेपटीवालीचे सगळे ठिपके खिंडीच्या अलीकडे कोरड्या बाजूला पडले. दोन मात्र पलीकडे, ओल्या जंगलात, जिथे निवडुंग औषधालाही सापडत नाही. दोन्ही कातडी बासिलिया लेदेस्मांची.

गुरुवारी खुर्ची होती, पण डॉक्टर उभे होते.

"ही दोन कुठे पकडलीत?"

बाईंनी फुंकर मारली, कातडं उलटं केलं. "हिला नऊ पिल्लं होती. काटेरी झुडपाखाली, तिकिपाम्पाहून वर. दुसरी चार दिवसांनी, तिथेच."

"कार्ड म्हणतं बारा किलोमीटर. खिंडच नऊवर आहे. म्हणजे ही पलीकडची झाली, आणि ही जात पलीकडे राहत नाही."

"नाहीच राहत. मीच तुम्हाला सांगितलं ना?"

"मग ही तिथे कशी?"

"तिथे नव्हतीच. त्या आठवड्यात मी खिंड ओलांडलीच नाही, माझ्या काळ्या खेचरीचा खूर दुखत होता."

डॉक्टरांनी टेबलावर एक शिक्का ठेवला. नवा कोरा, लाकडी मुठीचा. त्यावर उलट्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जागा संशयास्पद.' "काही लोक बाजारात जनावरं विकत घेतात आणि आपल्या वाटेचं नाव लावतात," ते म्हणाले. "तुम्ही तसं केलं असं मी म्हणत नाही. पण दोन कार्डं चुकली तर बाकीच्यांवर मी कसा विश्वास ठेवू? सगळी एकशे त्रेसष्ट बाजूला काढावी लागतील. नकाशात एकही येणार नाही."

दोन्या बासिलिया खुर्चीतून उठल्या. त्यांनी टोपी घातली. हात टेबलावर ठेवले, खेचराच्या दोरांनी कापलेले हात.

"चाळीस वर्षं त्या वाटेवर आहे," त्या म्हणाल्या. "मी खोटी ठरले तर त्या वाटेवर मी चालले नाही असं झालं. शिक्का मारायच्या आधी चालायला या, डॉक्टरसितो. बूट आहेत ना? आणि एल्वीतालाही आणा. लिहायला लागेल."

मी मान डोलावली. खरं सांगते, मनातून मला बाईंचीच शंका आली होती. माझा गुणाकार चुकणं शक्य नव्हतं. वय झालं, विसरल्या असतील, असं मी समजून घेतलं. समजून घेण्यात मी तेव्हा फार पटाईत होते.

मे महिन्यात गेलो. तिकिपाम्पाच्या हौदावर खेचरं पाणी पीत होती. दोन्या बासिलियांनी पिशवी उघडली, पानं दोन्ही हातांनी दिली, आम्ही दोन्ही हातांनी घेतली. डॉक्टरांनी तोबरा असा भरला की दाढ दुखणाऱ्या माणसासारखा गाल दिसू लागला.

"एवढा भरलात तर अर्ध्या वाटेवर गुदमराल," बाई म्हणाल्या. "काढा थोडा."

"पण प्रत्येकाचं तोंड वेगळं," डॉक्टर भरल्या तोंडाने म्हणाले. "मग माप एक कसं?"

"तोंडाचं सोडा, खेचरांकडे बघा. रस संपतो तेव्हा त्यांचा दम संपतो. माझ्या आज्यापासून सगळे एकाच जागी थांबतात. बघालच."

डॉक्टरांच्या हातात उपग्रहावरून जागा सांगणारं नवं यंत्र होतं. मला वहीत आकडे टिपायचे होते. वाट हौदापासूनच चढू लागली. मी शहरात वाढलेली, बसने फिरणारी, माझा तोबरा नीट लागायच्या आत मला धाप लागली. दोन्या बासिलिया पुढे, परकर खोचून, वळूनही न बघता.

पाऊण तासाने एका वळणावर दगडांचा ढीग आला, गुडघ्याएवढा. वरचे दगड हिरवट पडलेले. बाईंनी गालातला चोथा काढला आणि दगडावर दाबून बसवला. थकवा तिथेच ठेवायचा आणि पुढे निघायचं, अशी आमच्याकडे रीत. "एक," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी यंत्र पाहिलं. "एक पूर्णांक नऊ."

मी लिहिलं. एक तोबरा, एक पूर्णांक नऊ. लिहिता लिहिता पेन्सिल थांबली. तीन नव्हे? सपाटीवर असेल तीन. पण ही तर... मी वर पाहिलं. वाट नुसती वर वर जात होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. दुसरा तोबरा भरला आणि चालू लागले. दुसऱ्या ढिगावर तीन पूर्णांक नऊ. तिसऱ्यावर पाच पूर्णांक आठ. प्रत्येक ढिगावर बाई चोथा दाबायच्या, आकडा ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. किलोमीटर हे त्यांच्या दृष्टीने आमचं कसलं तरी शहरी खूळ होतं. मी वहीत मान घालून लिहीत होते आणि टेबलाजवळची टोपली मला दिसत होती. बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या. त्यातली एक जरी राहिली असती तर शिक्क्याचा प्रश्नच आला नसता.

चौथा ढीग मोठा होता. बाईंनी चोथा दाबला, "चार" म्हणाल्या, वाट सोडली आणि चाळीस पावलं डावीकडे जाऊन एका काटेरी झुडपाजवळ उभ्या राहिल्या. भोवती निवडुंग, वाळलेलं गवत. खिंड अजून वरच होती.

"इथे. नऊ पिल्लांची आई इथे."

"सात पूर्णांक आठ," डॉक्टर यंत्राकडे बघत म्हणाले. "खिंडीच्या बरंच अलीकडे. जागा अगदी बरोबर आहे. पण मग तुम्ही बारा का सांगितलंत?"

"बारा कोण म्हणालं? मी चार म्हणाले. चारच लिहून दिलं होतं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी सहज, लिहिणाऱ्या बाईकडे बघतात तसं. पण दोन्या बासिलियांना कळलं. माझा चेहरा लपत नाही.

"मी केलं," मी म्हणाले. "टेबलावर कागद होता, तोबऱ्याला तीन. मी सगळ्यांना तीनने गुणलं. चढ असो, उतार असो. चिठ्ठ्या फेकून दिल्या. सगळ्या. आणि तुम्ही विसरला असाल असं मला वाटलं, दोन्या बासी. मला तुमचीच शंका आली."

मला रडू फुटलं. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, निवडुंगात उभी राहून हुंदके देत होते, आणि गालातल्या पानांमुळे धड रडताही येईना.

"आधी ते थुंक," बाई म्हणाल्या. "घशात जाईल." मी थुंकले. "बावीस वर्षांत एकदाही चढ चढली नाहीस, एल्वीता?"

"नाही."

"मला काय माहीत तू तिथे काय लिहितेस? मी कार्ड बघायची. काय लिहिलंय ते लागायचं नाही, पण अक्षर इतकं देखणं, की वाटायचं, एवढ्या देखण्या अक्षरात चूक कशी असेल?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे वाक्य मला आजही कपाट उघडलं की ऐकू येतं.

डॉक्टरांनी टोपी काढली. "दोन्या बासिलिया, ते बाजाराबद्दल मी जे बोललो..."

"ते त्या दगडावर ठेवा नि वर चला. सापळे लावायचेत."

सहा सापळे लावले, गुराख्याच्या झोपडीत मुक्काम केला. सकाळी दोन सापळ्यांत जाड शेपटीवाल्या होत्या. डॉक्टरांनी एकीला हातात धरलं आणि, मी डोळ्यांनी पाहिलं, सगळ्यात आधी पोटावर फुंकर मारली.

उतरताना ते म्हणाले, "झाडावरच्या ढिगात एक नवीच जात असावी असं मला वाटतंय. खरी निघाली तर तुमचं नाव देतो."

"उंदरासारख्या तोंडाच्या जनावराला माझं नाव? माझ्या जावा तेवढ्याचीच वाट बघतायत. मला नाव नको, मला शिक्का द्या."

"कुठला शिक्का?"

"तोच. आणि कार्डावर तोबरे लिहायचे. तुमचे किलोमीटर खाली, बारीक अक्षरात."

पुढची दोन वर्षं गुरुवार माझे राहिले नाहीत. मी एकेक कातडं त्यांच्या हातात द्यायची, त्या फुंकर मारायच्या आणि सांगायच्या, "तीन तोबरे, उताराचे, बांबूत. त्या दिवशी धुकं होतं." मी लिहायची. महिन्यातून एकदा आम्ही दोघी प्रत्यक्ष वाटेवर जायचो, यंत्र माझ्या गळ्यात. उताराचा तोबरा चार किलोमीटरांना पुरतो हे मला तेव्हा कळलं. जंगलातले ठिपके म्हणून खाली सरकले, दरीतले मागे आले, आणि डॉक्टरांच्या नकाशावर दोन जातींमधली रेघ खिंडीवरून अशी सरळ गेली जशी बाईंनी ती पहिल्यापासून तोंडी सांगितली होती. छापलेल्या पुस्तकात प्रत्येक जागेपुढे तोबरे आहेत, चढाचे की उताराचे ते लिहून.

एकशे त्रेसष्टपैकी पाच कातडी त्यांनी हातात घेतली, फुंकली, परत फुंकली आणि बाजूला ठेवली. "ही मला आठवत नाहीत."

"अंदाजाने सांगा," मी म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग गाठोड्यातून शिक्का काढला, शाईवर दाबला आणि पाचही कार्डांवर स्वतःच्या हाताने मारला. जागा संशयास्पद. "आता उरलेल्यांवर कुणी बोट ठेवू दे," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात चुलीमागे एक अचोकाया मरून पडलेली सापडली. मी ती स्वतः सोलली, कापूस भरला, शेपटीत तार घातली, पायाला चिठ्ठी बांधली आणि गुरुवारी शाळेत पहिल्या आलेल्या पोरीसारखी त्यांच्यासमोर ठेवली. ऐंशी वर्षांच्या बाईंनी फुंकर मारली, मान डोलावली, टाके तपासले. मग चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली.

"बाजाराच्या कमानीपासून अर्धा तोबरा," मी वाचलं.

"चढाचा की उताराचा?"

मी तोंड उघडलं. चाळीस वर्षं मी त्या कमानीपासून घरी येते आहे, बसने. दोन्या बासिलियांनी गाठोडं सोडलं, शिक्का काढला आणि माझ्या देखण्या अक्षरावर, बरोब्बर मधोमध, मारला.